मालगाडीच्या भागीदारीत आमचा हिस्सा कुठे?

२६ नोव्हेंबर २०२५ हा संविधान दिन होता. शाळांत, कचेऱ्यांत आणि बुद्धविहारांत उद्देशिकेचे सामुदायिक वाचन चालू होते. त्याच दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने बदलापूर ते कर्जत या ३२ किलोमीटरच्या टप्प्यावर तिसरी आणि चौथी रेल्वे मार्गिका टाकायला मंजुरी दिली. गुजरातमधील ओखा-कानालूस दुहेरीकरण आणि हे काम मिळून खर्च २,७८१ कोटी रुपये. या दोन्ही कामांमुळे वर्षाला सुमारे १ कोटी ८० लाख टन जादा माल वाहता येईल, असे सरकारने सांगितले. त्याआधी मार्च २०१९ मध्ये मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या '३ अ' टप्प्यात कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला मान्यता मिळाली होती. अंतर १४ किलोमीटर, खर्च सुमारे १,५०० कोटी. म्हणजे कल्याणपासून कर्जतपर्यंत सलग चार रूळ होणार आणि त्यावरून लोकलबरोबर मालगाड्यांचाही वेग वाढणार.

या घोषणेचे स्वागत झाले आणि ते व्हायलाच हवे होते. आम्हीही स्वागत करतो. पण संविधान दिनी मंजूर झालेल्या या रुळांवर संविधानातला समतेचा डबा जोडलेला आहे की नाही, हे तपासणे चळवळीच्या माणसाचे कर्तव्य ठरते. कारण रेल्वेच्या मालवाहतुकीत आता सार्वजनिक-खाजगी भागीदारीचे वारे वाहत आहेत. भागीदारी म्हटली की हिस्सा आला. सरकारचा हिस्सा ठरतो, कंपनीचा हिस्सा ठरतो. ज्याचे घर रुळाकडेला आहे, जो रुळावर घाम गाळतो आणि जो डब्याच्या दाराला लटकून कामाला जातो, त्याचा हिस्सा कोणत्या कलमात लिहिला आहे, हा आमचा सवाल आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तीन शहरे काय आहेत, हे मंत्रालयातल्या आराखड्यावरून कळत नाही. उल्हासनगर ही मुळात लष्कराची छावणी. फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी निर्वासितांना तिथे ठेवले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे नाव उल्हासनगर झाले. अंबरनाथ विम्कोची आगपेटी, धरमसी मोरारजीचे रसायन आणि ऑर्डनन्स फॅक्टरी यांच्यामुळे वाढले. मराठवाड्यातून, विदर्भ-खानदेशातून दुष्काळ आणि गावकुसाबाहेरचे जिणे मागे टाकून आलेले आमचे बांधव या कारखान्यांत, एमआयडीसीत, उल्हासनगरच्या जीन्सच्या आणि फर्निचरच्या धंद्यात कामाला लागले. बदलापूर त्यांच्या पुढच्या पिढीचे गाव. कल्याणला भाडे परवडेना म्हणून पुढे सरकलेल्यांचे. २०११ च्या जनगणनेत या तीन शहरांची लोकसंख्या नऊ लाखांच्या वर होती. आज ती किती तरी वाढली आहे, हे सकाळी सातच्या लोकलला फलाटावर उभे राहिले की कुणालाही समजते.

या सर्व लोकसंख्येसाठी कल्याण-कर्जत दरम्यान रूळ किती? दोन. त्यावरूनच लोकल, त्यावरूनच पुण्याकडच्या आणि दक्षिणेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या, त्यावरूनच मालगाड्या. एक मालगाडी रखडली की मागची लोकल रखडते आणि लोकल रखडली की कुणाचा तरी अर्धा दिवसाचा पगार कापला जातो. गर्दीचा हिशेब इथेच संपत नाही. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान दोन लोकलच्या दारांत लटकणारे प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले आणि किमान चार जणांचा जीव गेला. म्हणून मालगाडीला वेगळी वाट मिळावी, लोकलला वेगळी वाट मिळावी, या मागणीला आमचा विरोध असण्याचे कारणच नाही. आमचे म्हणणे पुढचे आहे. या वाटेची किंमत कोण देणार आणि तिचे फळ कोण खाणार?

भागीदारी हा शब्द नवा वाटतो. युक्ती फार जुनी आहे. १७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीशी करार केला. जमीन सरकारने फुकट द्यायची, तीही ९९ वर्षांसाठी. कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारने घ्यायची. रेल्वेला नफा झाला तर भागधारकांचा, तोटा झाला तर भरपाई सरकारी तिजोरीतून. आणि तिजोरी कुणाची? शेतसारा भरणाऱ्या रयतेची. याच हमीवर १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोचली आणि १८५६ मध्ये आजच्या अंबरनाथ, बदलापूर, नेरळच्या बाजूने खोपोलीपर्यंत गेली. पुढे बोरघाट फोडताना हजारो मजूर पटकी-तापाने आणि अपघातांनी मेले. लंडनच्या भागधारकांना परतावा मिळत राहिला. मेलेल्या मजुरांची नावेही कुणी लिहून ठेवली नाहीत. १९२५ मध्ये या रेल्वेचा कारभार अखेर सरकारला स्वतःकडे घ्यावा लागला. बदलापूरवरून जाणारी ही वाट म्हणजे या देशातल्या सार्वजनिक-खाजगी भागीदारीचा पहिला धडा आहे. जोखीम जनतेची आणि नफा कंपनीचा, हे त्या धड्याचे सार.

आता आजचा पाठ पाहू. २००६ मध्ये केंद्र सरकारने समर्पित मालवाहतूक मार्गांसाठी डीएफसीसीआयएल ही सरकारी कंपनी काढली. पश्चिम मार्ग उत्तर प्रदेशातील दादरीपासून आपल्या जेएनपीटी बंदरापर्यंत, सुमारे १,५०० किलोमीटर. पूर्व मार्ग पंजाबातील लुधियानापासून बिहारमधील सोननगरपर्यंत, १,३३७ किलोमीटर. पश्चिम मार्गाला जपानच्या जायका संस्थेचे कर्ज, पूर्व मार्गाला जागतिक बँकेचे. हे कर्ज फेडणार कोण? अर्थात सरकार, म्हणजे आपण. पूर्व मार्गाचा पुढचा सोननगर ते दानकुनी हा ५३८ किलोमीटरचा तुकडा खाजगी भागीदारीतून बांधायचे ठरले होते. तो वर्षानुवर्षे कागदावरच राहिला. २०२५ पर्यंत दोन्ही मार्गांचा ९६ टक्क्यांहून अधिक भाग चालू झाला, तो सारा सरकारी पैशाने आणि सरकारी कर्जाने. सर्वांत शेवटी राहिला तो आपल्या दारातला, वैतरणा ते जेएनपीटी हा १०२ किलोमीटरचा तुकडा. तो दिवा, निळजे, तळोजा, पनवेल अशा वाटेने, आपल्या तीन शहरांच्या पश्चिमेने जातो.

म्हणजे डोंगर फोडायचा, पूल बांधायचे, जमीन घ्यायची, लोकांचा रोष पत्करायचा, वीस वर्षे कर्ज फेडायचे, हे काम सरकारचे. मग खाजगी भागीदार येतो कुठे? तो येतो रुळाच्या टोकाला, जिथे माल चढतो आणि उतरतो. २००६ मध्ये कंटेनर गाड्या चालवण्याचा परवाना खाजगी कंपन्यांना खुला झाला; कुठेही गाडी चालवण्याच्या परवान्याची फी ५० कोटी रुपये. २०१० मध्ये खाजगी मालधक्क्यांचे धोरण आले. डिसेंबर २०२१ मध्ये गतिशक्ती कार्गो टर्मिनलचे धोरण आले. प्रवासी गाड्यांत मात्र भांडवलदारांना रस नव्हता. २०२० मध्ये १५१ खाजगी प्रवासी गाड्यांची घोषणा झाली, २०२१ मध्ये निविदा उघडल्या तेव्हा बोली लावणारे दोनच, त्यातही एक रेल्वेचीच आयआरसीटीसी! ती योजना गुंडाळावी लागली. भांडवल कुठे जाते आणि कुठे जात नाही, हे यावरून स्पष्ट होते. जिथे जोखीम आहे तिथे ते फिरकत नाही. जिथे तयार रूळ आहे तिथे ते भागीदार होते.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहिला, तो मुद्दा. रेल्वेची जमीन.

७ सप्टेंबर २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेच्या जमिनीचे नवे धोरण मंजूर केले. मालवाहतुकीच्या कामासाठी रेल्वेची जमीन ३५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देता येईल. भाडे किती? जमिनीच्या बाजारभावाच्या वर्षाला दीड टक्का. पूर्वी हाच दर सहा टक्के होता. पाच वर्षांत अशी ३०० टर्मिनले उभारण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. रेल्वेच्या जमिनीवर खाजगी भागीदारीतून रुग्णालय काढायचे असेल तर चौरस मीटरला वर्षाला एक रुपया.

याच्या सुमारे नऊ महिने आधी, १६ डिसेंबर २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या जमिनीवरच्या झोपड्यांबाबत आदेश दिला. प्रकरण सुरतच्या उधना-जळगाव तिसऱ्या मार्गिकेचे होते. झोपड्या हटवा आणि पाडलेल्या प्रत्येक झोपडीमागे महिना २,००० रुपये सहा महिने द्या, असा तो आदेश. एकूण बारा हजार रुपये. एवढ्या रकमेत बदलापूरला भाड्याच्या खोलीची अनामतही भागत नाही. या आदेशानंतर लगेच, जानेवारी २०२२ मध्ये, कळवा-मुंब्रा भागातल्या रुळाकडेच्या वस्त्यांना सात दिवसांत घरे खाली करा अशा नोटिसा लागल्या. लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कारवाई थांबली.

वाचकहो, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. जमीन तीच, रेल्वेची. तिच्यावर कंपनी आली की ३५ वर्षे आणि दीड टक्का. तिच्यावर पिढ्यान् पिढ्या राहिलेला हमाल, कचरावेचक, घरकामगार असला की सात दिवस आणि बारा हजार रुपये. एकाला भाडेकरू म्हणतात, दुसऱ्याला अतिक्रमक. एकाच्या हातात करार असतो, दुसऱ्याच्या हातात नोटीस. आणि ही नोटीसही अनेकदा इंग्रजीत, नाव न घालता दारावर चिकटवलेली. असे कागद घेऊन माणसे आमच्याकडे येतात तेव्हा तीस दिवसांची मुदत असेल तर वीस दिवस निघून गेलेले असतात.

कायदा काय म्हणतो, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात एक चांगली तरतूद आहे. सार्वजनिक-खाजगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी जमीन घ्यायची असेल तर बाधित कुटुंबांपैकी ७० टक्क्यांची आगाऊ संमती हवी. शिवाय सामाजिक परिणामांचे मूल्यांकन हवे. याच कायद्याच्या कलम ३ (क) मध्ये 'बाधित कुटुंब' कोण, याची व्याख्या आहे. सातबारा नसलेला शेतमजूर, कूळ, कारागीर तिच्यात येतो. शहरी भागात संपादनापूर्वी तीन वर्षे राहणारे कुटुंबही येते. सातबारा हा आमच्या समाजाचा कधीच कागद नव्हता. म्हणून ही व्याख्या आमच्यासाठी फार मोलाची आहे.

परंतु या कायद्याला एक मागचे दार आहे. चौथ्या अनुसूचीत तेरा कायदे असे आहेत की ज्यांखाली जमीन घेतली तर संमतीची आणि सामाजिक मूल्यांकनाची अट लागू होत नाही. त्यात १९८९ चा रेल्वे कायदा आहे. या रेल्वे कायद्यात २००८ मध्ये कलम २०-अ पासूनची कलमे घातली गेली आणि 'विशेष रेल्वे प्रकल्प' हा नवा प्रकार आला. समर्पित मालवाहतूक मार्गांसाठी जमीन झपाट्याने मिळावी, हाच त्यामागचा हेतू होता. अधिसूचना निघाली की हरकतीला ३० दिवस. पुढची घोषणा झाली की जमीन थेट केंद्र सरकारच्या मालकीची. २८ ऑगस्ट २०१५ च्या आदेशाने मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी या कायद्यांनाही लागू झाल्या, हे खरे. पण 'तुमची संमती आहे काय?' हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. म्हणजे उद्या मालवाहतुकीच्या प्रकल्पात खाजगी भागीदार असला, तरी त्यासाठी जमीन रेल्वे कायद्याने घेतली की ७० टक्क्यांची ढाल आपल्या हातातून गळून पडते.

आणि जिथे जमीन आधीपासूनच रेल्वेची आहे, तिथे संपादनच नाही. संपादन नाही म्हणून २०१३ चा कायदा नाही. राज्याच्या झोपडपट्टी कायद्याचे संरक्षण केंद्राच्या जमिनीवर अडखळते. उरते काय? घटनेचे कलम २१. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कात येतो, हे ओल्गा टेलिस प्रकरणात १९८५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. पण कलम २१ घेऊन उच्च न्यायालयात जायला वकील लागतो, कागद लागतात आणि वेळ लागतो. बुलडोझरला यातले काहीच लागत नाही.

रुळाकडेच्या माणसांचे पुनर्वसन होऊच शकत नाही, असे कुणी म्हणत असेल तर त्याला मुंबईचाच दाखला द्यावा. २००२ मध्ये जागतिक बँकेने मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला कर्ज मंजूर केले तेव्हा पुनर्वसन ही कर्जाची अट होती. त्या अटीमुळे रुळाकडेच्या हजारो कुटुंबांना पक्की घरे मिळाली. त्या घरांचे हाल काय झाले, माणसे कामापासून किती लांब फेकली गेली, तो वेगळा विषय. बाधितांनी तक्रारी केल्या, बँकेच्या तपासणी मंडळाने चौकशी केली आणि मार्च २००६ मध्ये बँकेने त्या प्रकल्पाचा काही निधी काही महिने रोखला. यातून एकच गोष्ट घ्यायची. करार करताना अट लिहिली होती म्हणून घर मिळाले आणि अट मोडली म्हणून जाब विचारता आला. दया म्हणून काहीच मिळाले नाही.

हीच गोष्ट उरणने शिकवली. नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरासाठी जमिनी घेतल्या तेव्हा शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व जन्माला आले. पुढे त्या बंदरात १९९७ पासून खाजगी टर्मिनले येत गेली आणि २०२२ मध्ये शेवटचे सरकारी टर्मिनलही खाजगी हातात गेले. बंदर आता केवळ जमीनमालक उरले आहे. साडेबारा टक्क्यांचा लढा मोठा होता. त्याला आमचा सलामच आहे. पण तो हिस्सा जमीन असणाऱ्याला मिळाला. ज्याच्याकडे जमीनच नव्हती त्या मजुराचा, कातकऱ्याचा, मीठकामगाराचा टक्का कुणी काढला? बदलापूर-कर्जत पट्ट्यात वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी भागात ठाकूर, कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत. तिथे तीच चूक पुन्हा होता कामा नये.

दुसरा प्रश्न नोकरीचा. रेल्वे ही आमच्या समाजासाठी केवळ गाडी नव्हती. कल्याण, इगतपुरी, मनमाड, भुसावळ इथल्या रेल्वे वसाहतींतून आमची पहिली शिकलेली पिढी बाहेर पडली. पण तिथेही जात आडवी होतीच. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, ही मांडणी त्यांनी तिथेच केली. त्याच भाषणात त्यांनी एक साधे उदाहरण दिले होते. अस्पृश्य गँगमनला पोर्टर का करत नाहीत? कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात आणि सवर्ण स्टेशनमास्तरला अस्पृश्य माणूस घरात चालत नाही. म्हणजे रुळावर उन्हात मरायला आम्ही चालतो, सावलीतल्या कामाला चालत नाही. १९४७ च्या 'राज्य आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे मांडले, त्यामागे हा अनुभव होता.

राज्याच्या मालकीमुळे कलम १६ (४) लागू होते आणि राखीव जागा मिळतात. १९९१ च्या सुमारास रेल्वेत सोळा लाखांवर कर्मचारी होते. आज ते सुमारे बारा लाख आहेत. रूळ वाढले, गाड्या वाढल्या, टनाचे आकडे वाढले आणि चार लाख माणसे घटली. खाउजा धोरणाने, म्हणजे खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरणाने, राखीव जागांना हात न लावता राखीव जागा संपवल्या. घटनादुरुस्ती करावी लागली नाही. नुसते काम कंत्राटदाराला दिले. खाजगी कार्गो टर्मिनलवर क्रेन चालवणारा, हिशेब ठेवणारा, पहारा देणारा कोण असेल, हे कंपनी ठरवील. तिथे बिंदुनामावली नसते. अंबरनाथने हे आताच पाहिले आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या आणि अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी यंत्र इंडिया लिमिटेडमध्ये गेली. ती सरकारी कंपनी आहे, म्हणून अजून आरक्षण आहे. पुढची पायरी कोणती, याची धास्ती तिथल्या प्रत्येक कामगाराला आहे.

तिसरा प्रश्न तुमच्या-आमच्या पासाचा. रेल्वेच्या उत्पन्नाचा सुमारे दोन तृतीयांश भाग मालवाहतुकीतून येतो. त्या नफ्यातून प्रवासी भाड्याचा तोटा भरून निघतो. उल्हासनगरची मोलकरीण महिन्याच्या पासावर ठाण्याला कामाला जाते, ती कोळशाच्या आणि सिमेंटच्या गाडीच्या जिवावर. या मालवाहतुकीतला मलईचा भाग खाजगी भागीदाराकडे गेला तर तोटा भरायचा कुठून? उत्तर ठरलेले आहे, भाडे वाढवून. त्याची चुणूक ऑगस्ट २०२२ मध्ये दिसली. साधी लोकल काढून त्या जागी वातानुकूलित लोकल दिली तेव्हा बदलापूरचे प्रवासी खवळून उठले आणि मध्य रेल्वेला दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. ज्याचे पैसे जास्त त्याला रूळ आधी, हा न्याय लोकलमध्ये चालला नाही. मालगाडीच्या करारात तो गुपचूप घुसू नये, एवढी जागरूकता हवी. खाजगी कंटेनर गाडीला वेळेची हमी लिहून दिली आणि सकाळी सातच्या लोकलला दिली नाही, तर चार रूळ होऊनही बदलापूरकर दारातच लटकत राहील.

पावसाचेही एक. २६ जुलै २००५ चा उल्हास नदीचा पूर या भागातील कुणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. याच पट्ट्यात आता आणखी दोन रुळांचा भराव पडणार. भराव वाढला, मोऱ्या अपुऱ्या राहिल्या की पाणी सखल वस्तीत घुसते आणि सखल वस्ती कुणाची असते हे सांगायला नको. पर्यावरण मूल्यमापनाच्या २००६ च्या अधिसूचनेच्या यादीत रेल्वेमार्ग नाहीत, त्यामुळे जनसुनावणीही बंधनकारक नाही. मग वालधुनीच्या आणि उल्हासच्या काठच्या माणसाने आपले म्हणणे कुणापुढे मांडायचे?

मग करायचे काय? रूळ अडवा, असे आम्ही म्हणणार नाही. मालवाहतूक रस्त्यावरून रुळावर आली तर धूर कमी होईल, अपघात कमी होतील, अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांना उभारी मिळेल आणि आपल्याच पोरांना काम लागेल. शिवाय भागीदारी म्हणजे खाजगीच असली पाहिजे असे नाही. मुंबई रेल्वे विकास महामंडळात रेल्वेचा वाटा ५१ टक्के आणि महाराष्ट्र सरकारचा ४९ टक्के आहे. दोन सरकारे मिळून काम करू शकतात, हे १९९९ पासून सिद्ध आहे. खाजगी भागीदार आणायचाच असेल तर आमच्या अटी करारात लिहा, एवढीच मागणी आहे. करारावर सही झाल्यानंतर मोर्चा काढला तर निवेदन मिळते. सहीच्या आधी काढला तर कलम मिळते.

पहिली अट : रुळाकडेच्या प्रत्येक कुटुंबाची नोंद ग्रामसभा, प्रभाग समिती आणि वस्तीतील लोकांसमोर व्हावी. जमीन रेल्वेची असो वा संपादित, पुनर्वसन २०१३ च्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे आणि त्याच शहरात व्हावे. घर आधी, बुलडोझर नंतर.

दुसरी अट : खाजगी टर्मिनलला सार्वजनिक जमीन सवलतीत दिली जाते, तर त्या टर्मिनलवर अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त आणि ओबीसी उमेदवारांना घटनात्मक प्रमाणात नोकऱ्या, हे भाडेपट्ट्याचे कलम असावे. दीड टक्का ही सवलत फुकट नाही, तिचा मोबदला समाजाला मिळालाच पाहिजे.

तिसरी अट : माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या प्रत्येक हमालाची १९६९ च्या माथाडी कायद्याखाली नोंदणी व्हावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांचा आधार घेऊन माथाडीचे संरक्षण पातळ करू दिले जाणार नाही, हे राज्य सरकारने स्पष्ट करावे.

चौथी अट : नव्या मार्गिकांमुळे वाढणाऱ्या साध्या लोकल फेऱ्यांची संख्या आणि त्यांच्या वेळा आधी जाहीर व्हाव्यात आणि गर्दीच्या वेळी लोकलला अग्रक्रम राहील हे लेखी द्यावे.

पाचवी अट : प्रत्येक करार, प्रत्येक भाडेपट्टा मराठीत लोकांसमोर ठेवावा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली माहिती आपणहून जाहीर करावी लागते आणि भागीदारी प्रकल्पांची माहितीही त्यात द्यावी, असे केंद्राच्या कार्मिक खात्याने एप्रिल २०१३ मध्येच सांगितले आहे. व्यापारी गुपित हे कारण सार्वजनिक जमिनीला लागू होऊ नये.

आता काम आपले. उल्हासनगरच्या पाचही कॅम्पांतल्या, अंबरनाथच्या, बदलापूर-वांगणीच्या प्रत्येक विहारात एक वही ठेवा. रुळापासून कोणते घर किती अंतरावर, कुणाचे, किती वर्षांपासून, पुरावा कोणता. शिधापत्रिका, वीजबिल, मतदार ओळखपत्र, मुलांच्या शाळेचा दाखला. रेल्वेची अधिसूचना राजपत्रात येते, स्थानिक वृत्तपत्रात येते. ती वाचणारा एक शिकलेला तरुण प्रत्येक वस्तीने नेमावा. ३० दिवसांच्या आत हरकत गेली पाहिजे आणि ती प्रत्येक कुटुंबाची स्वतंत्र गेली पाहिजे. हरकत नोंदवलेली नसेल तर न्यायालय पहिला प्रश्न तोच विचारते. समाजातल्या वकिलांनी आठवड्यातला एक तास या वह्यांसाठी द्यावा.

१८४९ च्या करारात आमचे नाव नव्हते, कारण तेव्हा आम्हाला माणूसच मानले जात नव्हते. आज आमच्या हातात संविधान आहे, मत आहे आणि शिक्षण आहे. तरीही आमच्या घरावरून जाणाऱ्या रुळाच्या करारात आमचे नाव नसेल, तर तो दोष इंग्रजांना देता येणार नाही. सह्या होण्याआधी वह्या भरा.

जय भीम!